४१२ दिवसांची साखळी, आणि मी होतो तिथेच

रानवारा:

परवा रात्री पावणेबाराला मी मंडळीच्या (म्हणजे आमच्या चर्चच्या) व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका भावाला सणसणीत उत्तर लिहिलं. विषय सांगत नाही, सांगितला तर इथेही त्यावरच जुंपेल. उत्तर गेलं, दोघांनी लाइक केलं, मला बरं वाटलं. मग आठवलं की आजचा अध्याय राहिलाय आणि बारा वाजले की अॅपवरची सलग दिवसांची साखळी तुटणार. घाईघाईने बायबलचं अॅप उघडलं. त्या दिवशीचा अध्याय होता १ करिंथ १३. हो, तोच, प्रीतीचा. दीड मिनिटात बोटाने सरकवत खाली पोचलो, हिरवी खूण उमटली. ४१२ दिवस पूर्ण. फोन उशाशी ठेवला आणि मग डोक्यात उजेड पडला, की आत्ता आपण वाचलं काय आणि त्याच्या दहा मिनिटं आधी केलं काय.

बायको जागीच होती. "झाला का अध्याय?" एवढंच म्हणाली. ग्रुपवरचं तिने वाचलं होतं.

तर प्रश्न असा. बाप्तिस्मा घेऊन मला १४ वर्षं झाली. रविवारची उपासना चुकत नाही, शांत समय (रोजचं वाचन-प्रार्थना, म्हणजे अॅप) चुकत नाही, गाडी चालवताना कानात कुणाचा ना कुणाचा संदेश चालू असतो. माहिती भरपूर वाढली. राग मात्र तसाच आहे. चारचौघांत शहाणं दिसायची हौस तशीच, उलट आता तिला वचनांचा आधार मिळालाय. आध्यात्मिक वाढ म्हणतात ती होते कशी, आणि झाली हे ओळखायचं कसं? "प्रार्थना वाढवा" असं कृपया लिहू नका.

सांजवेळ:

वाचतेय. माझी साखळी १९ दिवसांवर तुटली आणि त्या रुसव्यात मी महिनाभर बायबलच उघडलं नाही. मी नक्की कुणासाठी वाचत होते, असा प्रश्न तेव्हा पडला होता. उत्तर शोधायचं टाळलं.

कंदील:

रानवारा, तुमच्या एवढ्या मोठ्या लेखात 'शिष्य' हा शब्द एकदाही आला नाही, बघा. नव्या करारात (बायबलच्या उत्तर भागात) 'ख्रिस्ती' हा शब्द मोजून ३ वेळा येतो, दोनदा प्रेषितांच्या कृत्यांत आणि एकदा पेत्राच्या पहिल्या पत्रात. 'शिष्य' अडीचशेहून जास्त वेळा. शिष्यांना ख्रिस्ती म्हणू लागले ते प्रथम अंत्युखिया शहरात (कृत्ये ११:२६). म्हणजे शिष्य आधी होते, नाव नंतर पडलं.

मूळ ग्रीक शब्द मॅथेटेस. अर्थ शिकणारा. पण शिकणारा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वही येते, घोटाळा तिथे होतो. सुताराच्या हाताखाली पोरगं राहतं ना, तसं ते शिकणं. रंधा कसा चालवायचा यावर ४१२ व्याख्यानं ऐकली तरी फळी गुळगुळीत होत नाही. मार्कच्या शुभवर्तमानात (येशूच्या चरित्रात) ३:१४ काढा. येशूने बारा जणांना नेमलं ते कशासाठी, हे तिथे दिलंय. उपदेशाला पाठवणं आहे, भुतं काढण्याचा अधिकार आहे, पण त्या सगळ्याच्या आधी लिहिलंय की त्यांनी त्याच्याजवळ असावं. सोबत चालायचं, सोबत जेवायचं, वादळात तो कसा झोपतो ते बघायचं आणि आपण का झोपू शकत नाही याचा विचार करायचा.

('शिष्या' असं स्त्रीलिंगी रूप नव्या करारात एकदाच आहे, टबीथासाठी. तिच्या तोंडी एक वाक्यही नाही. ती गेल्यावर विधवा रडत उभ्या आहेत आणि तिने शिवलेले कपडे दाखवताहेत. ज्ञानाबद्दल ओळ नाही! मला हा प्रसंग फार आवडतो म्हणून घुसडला.)

आता ओळखायचं कसं, हा तुमचा दुसरा प्रश्न. याबद्दल मला मार्क ८ सोडून दुसरीकडे जावंसंच वाटत नाही. बेथसैदाचा आंधळा. येशू त्याच्यावर हात ठेवतो आणि विचारतो, काही दिसतं का? तो म्हणतो, माणसं दिसतात, पण झाडांसारखी, चालणारी. येशू पुन्हा हात ठेवतो, मग स्वच्छ दिसतं. दोन टप्प्यांत बरं केल्याची शुभवर्तमानांतली ही एकच गोष्ट. आणि ती नेमकी कुठे ठेवलीय? लगेच पुढे बारा शिष्यांतला पेत्र येशूला म्हणतो, तू ख्रिस्त आहेस. बरोबर उत्तर! आणि चारच ओळींनी येशूच्या दुःखसहनाची गोष्ट निघताच तोच पेत्र येशूला बाजूला घेऊन दटावतो. म्हणजे पेत्रालाही दिसत होतं, पण झाडांसारखं. तुम्हाला १ करिंथ १३ वाचून झाल्यावर जे टोचलं, ते तसंच काहीसं असेल.

अजून एक. तिथे येशू पेत्राला म्हणतो, "माझ्यापुढून निघून जा". मूळ शब्द आहेत 'माझ्या मागे हो'. समुद्राकाठी पहिल्या दिवशी बोलावलं तेव्हाही हेच शब्द होते, "माझ्या मागे या". त्या फटकाऱ्यातही पेत्राला शिष्याच्या जागेवर परत पाठवलंय, असं मी वाचते. हाकलून दिलेलं नाही.

रानवारा:

कंदीलताई, 'माझ्या मागे हो' हे कधी कुणी दाखवलंच नव्हतं. धन्यवाद. पण खरं सांगू? हे वाचताना माझ्या मनात पहिला विचार आला की रविवारी हे सांगितलं तर काय छाप पडेल. आजार बराच मुरलेला आहे.

गव्हाचा_दाणा:

आजार जुना आहे, तुमच्या एकट्याचा नाही. चौथ्या शतकात मिसरच्या (इजिप्तच्या) वाळवंटात राहणाऱ्या तपस्व्यांमध्ये एव्हाग्रियस नावाचा एक साधू होता (मृत्यू ३९९). माणसाला छळणाऱ्या आठ विचारांची त्याने यादी केली होती. त्यातल्या एकाला तो 'दुपारचा भूत' म्हणतो. वर्णन बघा: या भुताने धरलं की सूर्य सरकतच नाही असं वाटतं. साधू सारखा खिडकीकडे बघतो. खोलीतून बाहेर येऊन जेवणाची वेळ किती लांब आहे ते उन्हावरून मोजतो. भावांपैकी कुणी भेटायला येतंय का, बघतो. मग त्याला ती जागाच नकोशी होते, हातातलं काम नकोसं होतं. वाटू लागतं की इथे कुणाला माझी माया नाही, दुसरीकडे गेलो तर देवाची सेवा जास्त चांगली होईल.

खिडकीच्या जागी फोन घाला, झालं. मी एकदा मोजलं होतं, प्रार्थनेला बसल्यावर पहिल्या दहा मिनिटांत मी फोनला चार वेळा हात लावला. त्यातला एकदा 'प्रार्थनेची विनंती कुणाची आली का' बघायला! भूत हुशार आहे, देवाचं काम सांगूनच बाहेर काढतो.

एव्हाग्रियसचा उपाय काही भारी नाही. खोली सोडू नकोस, बस. मी आता फोन दुसऱ्या खोलीत ठेवतो आणि छापील बायबल घेतो. शांत समय छान होतो असं मुळीच नाही. बराचसा कंटाळवाणा होतो. पण कंटाळा आला की मी अजून तिथेच आहे, एवढं कळतं.

अव्यक्त:

मी ख्रिस्ती नाही, पण धागा वाचतोय. शंका विचारली तर चालेल ना? हे वर जे सुताराच्या पोराचं उदाहरण आलं, ते आपल्या गुरु-शिष्य परंपरेहून वेगळं काय आहे? आमच्याकडेही गुरूच्या सहवासालाच महत्त्व आहे, पोथीला नंतर.

कंदील:

चालेल काय, बरं झालं विचारलंत. सहवासाच्या बाबतीत फरक फारसा नाही, असं मला वाटतं. एक फरक मात्र मोठा आहे. गुरूकडे राहून शिष्य एक दिवस स्वतः गुरू होतो. येशूने ती वाटच बंद करून टाकली. मत्तय २३:८, तुम्ही स्वतःला गुरुजी म्हणवून घेऊ नका, तुमचा गुरू एक आहे आणि तुम्ही सगळे भाऊ आहात. म्हणजे ५० वर्षं विश्वासात असलेला पाळकही शिष्यच. काल बाप्तिस्मा घेतलेला पोरगा त्याच वर्गात, मागच्या बाकावर. निवृत्ती नाही, बढती नाही. (हे कागदावर. प्रत्यक्षात काय चालतं ते इथल्या लोकांना माहीत आहे.)

पोळलेला:

त्या शेवटच्या कंसाबद्दल बोलायचंय मला.

'शिष्यत्व' हा शब्द ऐकला की माझ्या पोटात अजून गोळा येतो. कॉलेज संपल्यावर एका गटात होतो, नाव घेत नाही. प्रत्येकाला एक 'शिष्य करणारा' नेमून दिलेला. दर आठवड्याला त्याला हिशेब द्यायचा. सुरुवातीला फार बरं वाटलं, कुणीतरी आपली विचारपूस करतंय. मग पगार किती, कुणाला किती पाठवलास, आईला इतक्या वेळा फोन कशाला, अमक्या मुलीशी का बोलतोस. मी कबूल केलेल्या गोष्टी वरच्या माणसाला कळायच्या, त्याच्या वरच्यालाही कळायच्या. नोकरी बदलायचं ठरवलं तेव्हा मला सांगितलं गेलं की तुझ्यावर नेमलेल्या माणसाला देवाने तसं दाखवलेलं नाही. तीन वर्षांनी बाहेर पडलो तर 'मागे फिरलेला' असा शिक्का बसला. त्यानंतर दोन वर्षं मी कुठल्याच मंडळीत गेलो नाही.

म्हणून रानवाराला सांगतो, अॅप तरी बरं. ते कुणाला काही सांगत नाही.

सांजवेळ:

वाईट वाटलं वाचून. तुम्ही इथे लिहिलंत, ते सोपं नसणार.

कंदील:

पोळलेला, यावर वचन काढून दाखवायची इच्छा मी आवरते. एवढंच म्हणते, तुमच्या बाबतीत झाला तो ताबा होता, आणि त्याला शिष्यत्व म्हणणं हे त्यातलं सगळ्यात वाईट.

पण अॅप बरं, याच्याशी सहमत नाही. अॅपला रानवाराचा ग्रुपवरचा मजकूर दिसला नाही. बायकोला दिसला.

जर्मनीत नाझी राजवटीत बोनहोफर नावाचा पाळक एक बेकायदा पाळकशाळा चालवत होता, फिंकेनवाल्डे इथे. १९३७ मध्ये गेस्टापोने (नाझींच्या गुप्त पोलिसांनी) ती बंद केली. तिथे सोबत राहणाऱ्या विद्यार्थ्यांना एक नियम होता: जो भाऊ समोर नाही त्याच्याबद्दल बोलायचं नाही, आणि बोललात तर त्याला जाऊन सांगायचं. म्हणतात, हा नियम मोडून आणि मग पुन्हा पाळायचं ठरवून विद्यार्थी जवळजवळ तेवढंच शिकले जेवढं प्रवचनांतून. तुमच्या गटात हा एक नियम असता तर वरच्या माणसांची अख्खी शिडी एका दिवसात कोसळली असती.

साधा_विश्वासी:

हे सगळे नियम, गट, साधू लोक कशाला? तारण कृपेने आहे, कृत्यांनी नाही, इफिस २:८-९. वाढ देव देतो. आपण प्रयत्न करायला लागलो की नियमांवर बोट ठेवणारे शास्त्री-परूशी होतो.

हिशेबनीस:

साधा_विश्वासी, पुढचं १० वं वचनही वाचा, सत्कृत्यांसाठी निर्माण केलेले आहोत असं तिथेच आहे. फिलिप्पै २:१२-१३ मध्ये तर आपण तारण साधून घ्यायचं आणि करणारा देव, अशी दोन्ही वाक्यं एकापाठोपाठ आहेत. पौलाला त्यात काही अडचण वाटली नाही. द्राक्षवेल फांदीला फळ देते हे खरंच, पण वेलीला धरून राहा ही आज्ञा फांदीला आहे (योहान १५). असो, या विषयावर पाचशे वर्षं चर्चा चालू आहे, आपण इथे संपवू नये.

मला दुसरं सांगायचंय. मी पेशाने हिशेब लिहिणारा, म्हणून ही गोष्ट माझ्या लक्षात राहिली. १७४२ मध्ये इंग्लंडात ब्रिस्टलला, मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीच्या लोकांवर इमारतीचं कर्ज होतं. फेडायचं कसं, म्हणून बैठक भरली. एका सभासदाने सुचवलं, प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. कुणी म्हणालं, गरिबांना तेवढंही झेपणार नाही. तर तो म्हणाला, अकरा गरीब माझ्याकडे द्या, मी दर आठवड्याला त्यांच्या घरी जाईन, ज्यांना जमणार नाही त्यांचं मी भरीन. तसे बारा-बारांचे गट झाले. वसुलीला घरोघर जाताना या लोकांना दिसायला लागलं की अमक्याच्या घरात भांडण आहे, तमका पुन्हा प्यायला लागलाय. वेस्लीच्या ध्यानात आलं की आपल्याला हवं होतं ते हेच. पुढे घरोघर जाण्याऐवजी गट एकत्र जमू लागले आणि विचारपूस व्हायची ती पैशांबरोबर जिवाची: तुझ्या आत्म्याचं कसं चाललंय?

म्हणजे मेथडिस्टांची ती गाजलेली वर्गसभा कर्जवसुलीतून निघाली! मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते "मी भरीन". विचारणारा माणूस आधी खिशात हात घालणारा होता. पोळलेला यांच्या गटातल्या वरच्या माणसाने काय भरलं होतं?

पोळलेला:

काही नाही. उलट त्याच्या घराचं सामान हलवायला आम्ही जायचो.

हिशेबनीस काका, "मी भरीन" हे लक्षात ठेवतो.

जागरण:

मोठमोठे प्रतिसाद आहेत, तुकड्या-तुकड्यांत वाचले. चार महिन्यांचं बाळ आहे, सलग दोन तास झोप नाही. वर कुणी दहा मिनिटं एकांत म्हणालं तर हसूच आलं. लग्नाआधी मी रोज तासभर प्रार्थना करायचे. आता डोळे मिटले की झोप लागते आणि मग अपराधी वाटतं. माझी वाढ बहुतेक उलट्या दिशेने चालू आहे.

कंदील:

१ राजे १९. एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून म्हणतो, पुरे झालं, माझा प्राण घे. देवदूत येऊन त्याला काय देतो? आधी झोपू देतो. मग भाकर आणि पाणी. मग तो परत झोपतो, देवदूत पुन्हा उठवतो, पुन्हा खा म्हणतो, वाट तुला झेपायची नाही. देवाची मंद वाणी बरीच पुढे, ४० दिवसांनंतर. तुम्ही सध्या झुडपाखाली आहात बाई. झोपा.

आणि सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेली मठात ब्रदर लॉरेन्स होता, त्याच्याकडे वर्षानुवर्षं स्वयंपाकघर होतं. त्याला त्या कामाचा मनापासून तिटकारा होता, हे लोक सांगत नाहीत! भांड्यांच्या खणखणाटात, चारजण चार गोष्टी मागत असताना, तो देवाशी बोलायला शिकला. प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ यांत त्याला फरक उरला नव्हता म्हणतात. पण तिथे पोचायला त्याला बरीच वर्षं लागली, तुमचं बाळ तर फक्त चार महिन्यांचं आहे.

जागरण:

रडायला आलं. चांगल्या अर्थाने. उठलंय, जाते.

गव्हाचा_दाणा:

रानवारा कुठे गायब?

रानवारा (सहा आठवड्यांनी):

आलो. थोडं सांगतो.

त्या भावाची माफी मागितली. खासगी निरोप पाठवून, नीट, तीन वाक्यांत. बायकोला अभिमानाने दाखवला. ती म्हणाली, "अपमान ग्रुपवर केलात आणि माफी एकांतात?" दोन दिवस त्यावर धुसफुसलो. मग ग्रुपवर लिहिलं. त्याला एकही लाइक आलं नाही. त्या भावाने चार दिवसांनी "ठीक आहे" एवढं लिहिलं. अजून तो माझ्याशी मोजकंच बोलतो, आणि ते बरोबरच आहे.

दुसरं. मी आणि मंडळीतले दोघेजण, तिघे मिळून आठवड्यातून एकदा भेटतो. नेमलेलं कुणी नाही, पाळीपाळीने प्रश्न विचारायचा. पोळलेला यांचं वाचून पहिल्याच दिवशी ठरवलं की इथलं बाहेर जाणार नाही, आणि पैसा, नोकरी, लग्न यांत कुणी कुणाला हुकूम करणार नाही. पहिल्या भेटीत आम्ही ४० मिनिटं क्रिकेटवर बोललो. दुसऱ्या भेटीत एकाने विचारलं, "या आठवड्यात घरी कुणावर ओरडलास?" मी म्हटलं, फारसं नाही. तो म्हणाला, "म्हणजे किती?" या प्रश्नाला अॅपमध्ये बटण नव्हतं.

राग गेला का? नाही. पण ओरडून झाल्यावर मला आधी दुसऱ्या दिवशी कळायचं, आता तासाभरात कळतं. परवा एकदा ओरडता ओरडता मध्येच कळलं आणि वाक्य अर्धवट राहिलं. मुलगी बघतच राहिली, पुढचं का येत नाही म्हणून.

साखळी ४३१ वर तुटली. मार्क ८ वरून पुढे सरकावंसं वाटेना, तोच पंधरा दिवस वाचतोय. अॅप रोज सांगतं, तुम्ही मागे पडला आहात.

हिशेबनीस:

"म्हणजे किती?" हा प्रश्न मी चोरतोय.

पोळलेला:

तिघांत चौथ्याला जागा असते का, असं विचारणार होतो. पण तुम्ही माझ्या गावचे नसाल, आणि मला अजून भीती वाटते. आमच्या मंडळीत एक म्हातारे गृहस्थ आहेत, उपासनेनंतर खुर्च्या उचलतात. त्यांना विचारून बघेन म्हणतो. आधी खुर्च्या उचलायला जाईन.

जागरण:

बाळ झोपलंय, पाचेक मिनिटं मिळतील. कंदीलताई, मार्क ८ मध्ये ते आंधळ्याचं कुठून आहे?

कंदील:

२२ पासून. २६ पर्यंतच वाचा, आणि मध्येच उठलं तर २४ वर थांबा.